पुठ्ठ्यावरचे शब्द

अडावदच्या पॅकिंग शेडमध्ये, चारच्या चहानंतर
गाडी लागेपर्यंत जो अर्धा तास उरतो
त्यात आम्ही इंग्रजी शिकतो.
फळा नाही. फाटक्या खोक्याचा पुठ्ठा आहे
आणि खोक्यांवर तारीख टाकायचा काळा मार्कर.
शिकवणारी मी. बारावी नापास, तीही इंग्रजीतच.

पहिला शब्द खोक्यावरच छापलेला होता : हॅण्ड.
मी म्हटलं, हॅण्ड म्हणजे हात.
गुंफाबाई म्हणाल्या, खोक्यात हात भरतात का व माय?
मग मी सुपरवायझरला विचारून आले.
केळीच्या फणीलाही ते हॅण्डच म्हणतात,
आणि सुट्या केळ्याला बोट.
बायका आपापल्या हातांकडे बघायला लागल्या,
चिकानं काळे पडलेले, साबणाला न जुमानणारे.
नूरबी तडवी म्हणाली, आपण फणी म्हणतो,
तिनं तरी कुठं केस विंचरता येतात?

तेव्हापासून मी सोपं करून लिहिते.

डेट म्हणजे तारीख, जी चुकली की अख्खा माल परत येतो.
डेट म्हणजे खजूर, रमजानात नूरबी डब्यात आणते तो.
आणखी एक डेट आहे,
सुपरवायझरचा भाऊ दर रविवारी चोपड्याला जातो ती.
ही पुठ्ठ्यावर लिहिली नाही, तोंडी सांगितली.

लाइट, जी शेतात रात्री बारानंतर येते.
लाइट, साडेतेरा किलोला कमी भरलेलं खोकं.

फेअर म्हणजे गोरी. फेअर म्हणजे जत्रा.
फेअर म्हणजे रास्त, न्यायाचं.
हे तिन्ही एका शब्दात कसे काय मावले,
यावर शेडमध्ये बराच वाद झाला.
मीना, जिला दोन स्थळं बघून गेलीत, एवढंच म्हणाली,
सारंगखेड्याला घोड्याचेही दात बघतात.

वेल म्हणजे विहीर, आणि वेल म्हणजे बरं, ठीक.
ज्यांनी हा शब्द केला
त्यांच्या गावच्या विहिरीला पाणी असणार.

मग एक दिवस गुंफाबाईंनी पदरातून फोन काढला.
'हाई काय लिखेल शे व?'
ग्रुपचं नाव 'आपलं घर'. माणसं तीन.
खाली करड्या बारीक अक्षरांत :
योगराज लेफ्ट.
योगराज उधन्याला आहे, साड्यांच्या कारखान्यात,
पोळ्यालाही आला नव्हता.
मी म्हटलं, लेफ्ट म्हणजे डावा.
गुंफाबाई म्हणाल्या, तो तर उजव्या हातानं जेवतो.

नूरबीनं माझ्याकडे पाहिलं. मार्कर सुकत आला होता,
दोनदा झटकून मी लिहिलं :
डावा.
निघून गेला तो.
आणि त्याखाली, जागा नव्हती म्हणून कडेला तिरपं :
मागे उरलं ते.

गुंफाबाईंनी बोट ठेवून तिन्ही ओळी वाचल्या,
तिसरीसाठी मान वाकडी केली.
'म्हंजे तो बी लेफ्ट,
आन मी बी लेफ्ट?'

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.
तेवढ्यात गाडीनं हॉर्न दिला,
आणि सगळ्याजणी उठल्या.

त्या दिवशी तळाला घालायचे पुठ्ठे कमी पडले.
कुणीतरी शब्दांचा पुठ्ठाच उचलला, खोक्याच्या मापाचा कापला,
वर फण्या रचल्या, बोटं आतल्या बाजूला.
माल दुबईचा होता.
तिथं कुणी खोकं रिकामं करेल तेव्हा
तळाशी माझं तिरपं अक्षर निघेल,
चीक लागून अर्धं पुसलेलं.

गुंफाबाई चाकू पाण्यात बुडवत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
'सकाय उजवानं सांगजो.'